‘आमच्या जबाबदारीवर’

दवाखान्यातून रुग्णाला घरी न्यायचं असेल आणि डॉक्टरांचा तसा सल्ला नसेल, तर एका छापील कागदावर सही करावी लागते. मजकूर सगळीकडे साधारण सारखाच असतो. रुग्णाची प्रकृती गंभीर असल्याची कल्पना आम्हाला दिली आहे, तरीही आम्ही त्यांना आमच्या जबाबदारीवर घेऊन जात आहोत, पुढे काही बरंवाईट झाल्यास डॉक्टर किंवा रुग्णालय जबाबदार राहणार नाही. खाली नाव, नातं, तारीख, वेळ. दवाखान्यातली माणसं याला ‘डामा’ म्हणतात, म्हणजे ‘डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अ‍ॅडव्हाइस’. दप्तरात तो डिस्चार्जचा एक प्रकार असतो, बाकी काही नाही.

माझ्या थोरल्या मामांसाठी ती सही मी केली. मामींना त्या दिवशी अक्षरं लागत नव्हती आणि मामेभाऊ खाली बिलाच्या खिडकीपाशी होता. मामांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. नऊ दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. सहाव्या दिवसापासून डॉक्टर रोज एकच वाक्य म्हणायचे, "आम्ही प्रयत्न करतोय, बाकी तुम्ही ठरवा." काय ठरवायचं, ते मात्र सांगत नव्हते. तोवर मामींच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या आणि मामेभाऊ कर्जासाठी सोसायटीच्या सेक्रेटरीला दोनदा भेटून आला होता. नवव्या दिवशी सकाळी मामी म्हणाल्या, "घरी नेऊ त्यांना." पुढे कुणी काही विचारलं नाही.

रुग्णवाहिकेत एक विशीतला पोरगा मामांच्या उशाशी बसून हाताने रबरी पिशवी दाबत होता. दाबली की छाती वर, सोडली की खाली. दीड तास त्याने हात बदलून बदलून ते केलं. घरी पडवीत गादी टाकली होती. त्याने नळी काढली, पिशवी गुंडाळली, मामांच्या पायांना हात लावला आणि गाडीला दुसरी फेरी होती म्हणून निघाला. मामा लगेच गेले नाहीत. दोन रात्री राहिले. घरघर लागली होती. मामी कापूस ओला करून त्यांच्या ओठांवर फिरवत बसल्या होत्या. कुणी तुळशीचं पान आणलं, कुणी मोबाइलवर हरिपाठ लावला. मामेबहिणीने तीनदा विचारलं, "त्यांना त्रास होत असेल का रे?" आमच्यातल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

पुढे कित्येक महिन्यांनी, पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेत, काम करणाऱ्या एका डॉक्टरांशी बोलताना कळलं की अशा वेळी रुग्णाला कुशीवर वळवलं, डोक्याखाली थोडा उंचवटा दिला, घशातला स्राव कमी करणारं एक साधं इंजेक्शन दिलं, तर ती घरघर बऱ्याचदा कमी होते. धाप लागली असेल तर मॉर्फिनचा लहानसा डोस आराम देतो. चार-पाच वाक्यांची ही माहिती. ज्या कागदावर मी सही केली, त्याच्या कोऱ्या पाठीवर ती सहज मावली असती.

मरणाच्या दारात असलेल्या माणसाचे उपचार थांबवावेत का, या प्रश्नावर आपण गेली चाळीस वर्षं कोर्टात, वर्तमानपत्रांत आणि परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत पुष्कळ बोललो. पण जिथे तो दररोज निकाली निघतो, त्या सहीच्या टेबलाकडे आपण पाहिलं नाही. त्यामुळे हक्क मिळाला आणि त्याला लागणारी सोय मिळालीच नाही. सोयीवाचूनचा हा हक्क पैसेवाल्या घरात निवड म्हणून पोचतो आणि मामींसारख्यांच्या घरात सक्ती म्हणून. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला नीट मांडायचं आहे.

हा प्रश्न आपल्याकडे कोर्टात पहिल्यांदा गाजला तो आत्महत्येच्या वाटेने. 1986 साली मुंबई उच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचं कलम 309, म्हणजे आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम, घटनाबाह्य ठरवलं. खटला मुंबई पोलिसातल्या एका शिपायाचा होता. अपघातानंतर त्याचं मानसिक संतुलन ढळलं होतं. दुकानाच्या परवानगीसाठी तो महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात गेला, भेट मिळाली नाही आणि त्याने तिथेच स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. निकाल ऐतिहासिक म्हणून शिकवला जातो आणि तो तसा आहेही. पण मला त्यातला दुकानाचा परवाना विसरता येत नाही. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येतो का, यावर पुढे दहा वर्षं खल झाला. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिशेने निकाल दिला, 1996 मध्ये घटनापीठाने तो फिरवला. मरण्याचा हक्क नाही, मात्र मृत्यूची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झालेली असताना सन्मानाने मरणं हा सन्मानाने जगण्याचाच भाग, असं त्या घटनापीठाने म्हटलं. आजारी शिपायाला औषध कोण देणार, त्याचं घर कसं चालणार, याचं धोरण यायला मानसिक आरोग्य सेवा कायद्याची, म्हणजे 2017 ची वाट पाहावी लागली.

मग अरुणा शानभाग. मराठी घरांत हे नाव माहीत नसलेलं माणूस विरळा. परळच्या केईएम रुग्णालयातली पंचविशीची परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती पुन्हा कधी उठली नाही. हल्लेखोराला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नासाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात ठेवलाच गेला नाही. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने याचिका केली, आणि 7 मार्च 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळताना तत्त्व म्हणून मात्र मान्य केलं की काही परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवनाधार काढता येईल. अरुणासाठी कुणी बोलायचं? न्यायालय म्हणालं, केईएमच्या कर्मचाऱ्यांनी. त्यांचं म्हणणं होतं, ती आमची आहे, ती जगू दे. 18 मे 2015 ला न्यूमोनियाने ती गेली.

त्या वेळी घराघरांत दोन बाजू पडल्या होत्या. आमच्याकडे जेवताना आई एका बाजूला, वडील दुसऱ्या. मला आज वाटतं की आपण त्या खोलीत चुकीच्या ठिकाणी बघत होतो. सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला अंथरुणजखमा नव्हत्या, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात किती दुर्मीळ आहे हे कुणाही परिचारिकेला विचारा. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, चादरीची सुरकुती काढायची, घास पातळ करून भरवायचा, मासळी आवडते म्हणून मासळी द्यायची. निवृत्त होणाऱ्या सिस्टरने नव्या सिस्टरला हे शिकवायचं. 1980 च्या दशकात महापालिकेने ती खाट रिकामी करण्याचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिकांनी तो हाणून पाडला. याला सरकारी भाषेत काही नाव नाही. कुठल्या योजनेत ते बसत नव्हतं, त्यासाठी वेगळा पगार नव्हता. इच्छामरणाचा भारतातला सगळ्यात मोठा खटला उभा राहिला तो भारतातल्या सर्वोत्तम शुश्रूषेच्या उदाहरणावर. आणि त्या शुश्रूषेतून आपण धोरण म्हणून काहीही घेतलं नाही.

आणखी एक गोष्ट घेतली नाही. अरुणा रुग्णालयात कामावर असताना तिच्यावर हल्ला झाला होता. कामाच्या जागी बाईची सुरक्षितता, हा तिच्या गोष्टीतला पहिला प्रश्न होता. तो मागे पडला, कारण तिच्या मरणाचा प्रश्न जास्त चित्तवेधक होता. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्यावरच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाला अरुणा शानभागचं नाव पुन्हा घ्यावं लागलं. मध्ये अर्धशतक गेलं होतं.

कायदा पुढे सरकला, हे खरं. 2005 साली दाखल झालेल्या याचिकेवर 9 मार्च 2018 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरणं हा मूलभूत हक्क आहे आणि शुद्धीत असतानाच माणूस ‘मला असं झालं तर असे उपचार करू नका’ हे लिहून ठेवू शकतो. पण त्यासाठी घातलेल्या अटी अशा होत्या की तो हक्क वापरणं अशक्य झालं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सही हवी, रुग्णालयाचं एक मंडळ, जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ, त्यातल्या डॉक्टरांना वीस वर्षांचा अनुभव. अतिदक्षता विभागातल्या माणसाकडे एवढा वेळ नसतो. 24 जानेवारी 2023 ला न्यायालयाने हे सैल केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. दोन्ही मंडळं तीन-तीन डॉक्टरांची, रुग्णालयानेच बनवायची, अनुभव पाच वर्षांचा, निर्णय शक्यतो 48 तासांत. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असायला हवा. असं लिहून ठेवलेल्या इच्छापत्राची प्रत सांभाळायला स्थानिक स्वराज्य संस्थेत एक अधिकारी नेमायचा.

मुंबई उच्च न्यायालयात या अधिकाऱ्यांच्या नेमणुकीसाठी जनहित याचिका करावी लागली, तेव्हा 2024 मध्ये राज्य सरकारने नेमणुका झाल्याचं सांगितलं. त्याच वर्षी गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. गोवा राज्यातली ती पहिलीच नोंद होती. जानेवारी 2025 मध्ये कर्नाटकाने आपल्या रुग्णालयांसाठी मंडळं नेमण्याचा आदेश काढला. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने हरकत घेतली की यातून डॉक्टरांवर कायद्याची टांगती तलवार येते. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मामांचे डॉक्टर "तुम्ही ठरवा" म्हणत राहिले त्यामागे हीच भीती असावी, असं मला आता वाटतं. त्यांच्यासारख्या छोट्या दवाखान्यात आजच्या सैल नियमाचेही, पाच वर्षं अनुभव असलेले, सहा डॉक्टर आणायचे कुठून? फोन करून कुणाला विचारायचं, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? तेव्हा सोपी वाट म्हणजे छापील कागद. कायद्याची पायरी जितकी उंच, तितकी त्या कागदावरची गर्दी मोठी.

याहून विचित्र एक पेच आहे. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा मेंदूमृत्यूला मृत्यू मानतो, पण अवयवदानाच्या संदर्भात. त्यामुळे घरचे दानाला हो म्हणाले तर व्हेंटिलेटर काढण्याची वाट स्पष्ट आहे. नाही म्हणाले, तर त्याच अवस्थेतल्या माणसाचा व्हेंटिलेटर काढायला डॉक्टर कचरतात. केरळने 2020 मध्ये मेंदूमृत्यूची निश्चिती दानापासून वेगळी करण्याच्या सूचना काढल्या. बाकीच्यांनी निदान त्या वाचाव्यात.

आपली भाषाही इथे आडवी येते. ‘इच्छामरण’ म्हटलं की मराठी मनात शरपंजरी भीष्म उभे राहतात, उत्तरायणाची वाट बघणारे. आळंदीची समाधी आठवते. 1966 मध्ये सावरकरांनी अन्न-औषध सोडलं, 1982 मध्ये पवनारला विनोबांनी सोडलं, ती प्रायोपवेशनं आठवतात. या सगळ्यांत एक समर्थ, शुद्धीतला माणूस स्वतःच्या जाण्याची वेळ ठरवतो. मुंबईतल्या एका वृद्ध दाम्पत्याने काही वर्षांपूर्वी राष्ट्रपतींकडे मागितलं होतं ते खरं इच्छामरण, कारण आजारी नसतानाच त्यांना जायचं होतं. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. पण मामांनी कुठलीही इच्छा केली नव्हती. त्यांना आजार नेत होता, यंत्र अडवत होतं. यंत्र काढणं म्हणजे मारणं नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2018 मध्येच ‘पॅसिव्ह युथनेशिया’ (उपचार थांबवून मरण येऊ देणं) हा शब्द टाकाऊ ठरवला. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र आजही मथळा ‘इच्छामरण’च असतो. त्या एका शब्दामुळे "आम्ही त्यांना मारलं का?" ही टोचणी घेऊन किती घरं जगत असतील. मामी आजही मधूनच विचारतात, "दहाव्या दिवशी उठले असते का रे?"

आता शिकण्या-शिकवण्याबद्दल, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. 2013 पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत रात्री अकराला गेलात तर केस स्टडीवर वाद घालणारी पोरं दिसतात. तुम्ही जिल्हाधिकारी आहात, तुमच्यापुढे हा पेच आहे, पर्याय काय, गुणदोष काय. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही 2019 पासून नैतिकता आणि संवादाचा ‘एटकॉम’ नावाचा भाग आला आहे. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत, मनापासून. माझा एक भाचा ही परीक्षा देतोय. त्याला मी मामांचं सांगितलं, तेव्हा त्याने सरळ दोन रकाने आखले: जीवनाचं पावित्र्य, रुग्णाची स्वायत्तता. दोन्हीकडे चार-चार मुद्दे, शेवटी समतोल निष्कर्ष. हुशार पोरगा आहे, उत्तर चांगलंच होतं. त्यात पाटल्या नव्हत्या. हाताने पिशवी दाबणारा पोरगा नव्हता. गावात रात्री कोण इंजेक्शन देणार, हे नव्हतं. मी त्याला एवढंच म्हणालो की बाळा, तिसरा रकाना आख.

नैतिक प्रश्नांचा अभ्यास म्हणजे दोन तत्त्वांची कुस्ती, ही समजूत आपण परीक्षेमुळे घट्ट करून टाकली आहे. प्रत्यक्षात पेच निर्माण होण्याआधीच कितीतरी निर्णय कुणीतरी घेतलेले असतात: कुठल्या गोष्टीला पैसे मिळतील, कुठलं औषध कुठे मिळेल, कुणाला विचारलं जाईल. त्या निर्णयांनाच धोरण म्हणतात. मरणाचा पेच मामींपुढे नवव्या दिवशी आला, पण घरी मरणाऱ्या माणसासाठी आपल्या तालुक्यात कुणीच नाही हे कितीतरी वर्षं आधी ठरून गेलं होतं. ते कुणी ठरवलं, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

मराठी समाजाला असा वाद घालण्याची सवय नाही असं नाही. संमतिवयाच्या बिलावर 1891 मध्ये इथे केवढं रण माजलं. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करायचं होतं. आगरकर ‘सुधारक’मधून कायद्याच्या बाजूने, टिळक परक्या सरकारच्या हस्तक्षेपाच्या विरुद्ध. सनातन काय, धर्म काय, सरकारचा अधिकार कुठवर, सगळं निघालं. पण त्या रणाच्या आधी, 1885 मध्ये, रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ एवढंच नाव घालून स्वतः पत्रं लिहिली होती आणि बालविवाह आतून कसा दिसतो ते सांगितलं होतं. वाद पुढे जायला त्या पत्रांचा उपयोग तत्त्वांइतकाच झाला असं मला वाटतं. मरणाच्या बाबतीत अशी पत्रं आपल्याकडे लिहिली जात नाहीत. गेलेला माणूस लिहू शकत नाही आणि सही करणारा लाजेने गप्प बसतो. मीही सहा वर्षं गप्प होतो.

आता मॉर्फिन. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचा एवढा गुंता झाला की रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. कॅन्सरच्या शेवटच्या महिन्यांत माणसं ओरडत गेली, कारण तीन-चार खात्यांचे शिक्के एका वेळी जमत नव्हते. 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला ते ठेवता येऊ लागलं. तरी बहुतेक तालुक्यांत अशी मान्यता घेतलेलं कुणी नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच पट्ट्यात सरकारी परवान्याने अफू पिकते, देशाबाहेर औषधासाठी जाते, आणि आपल्याकडे म्हातारा माणूस पॅरासिटामॉलवर मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात ज्यांना पॅलिएटिव्ह केअर लागते त्यांच्यापैकी साधारण 14 टक्क्यांनाच ती मिळते. वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 पासून आहे, पुण्यात वारज्याला 1997 पासून एक केंद्र आहे, मुंबईत टाटा रुग्णालयाचा विभाग आहे. ही माणसं जे करतात त्याला तोड नाही. पण सिन्नरच्या, भूमच्या, धडगावच्या माणसाने वांद्र्याला कसं जायचं?

केरळने हे वेगळ्या रीतीने केलं. 1993 मध्ये कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात काही डॉक्टरांनी एक छोटं केंद्र काढलं, डॉ. एम. आर. राजगोपाल त्यांतले एक. हळूहळू गावोगाव स्वयंसेवक तयार झाले आणि 2008 मध्ये राज्याने धोरण केलं. त्यातलं मर्म असं की ही सेवा ग्रामपंचायतीच्या गळ्यात घातली. पंचायतीने पैसे ठेवायचे, प्राथमिक आरोग्य केंद्राने नर्स द्यायची, नर्सने पिशवी घेऊन घरी जायचं. जखम धुवायची, नळी बदलायची, गोळ्यांचा हिशेब बघायचा, घरच्या माणसाला दोन शब्द सांगायचे. अरुणासाठी केईएमच्या परिचारिकांनी वॉर्डात जे केलं, त्याच जातीचं काम, पण पगारी आणि सगळ्यांसाठी. केंद्राचाही 2012 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. महाराष्ट्रात तो कागदावरून ओसरीपर्यंत उतरलेला मी माझ्या तालुक्यात तरी पाहिलेला नाही.

पैशाचं गणित याच्या आड येतं, असं म्हणतात. मला ते उलटं दिसतं. 2021-22 च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशातल्या आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के लोक थेट खिशातून करतात. आरोग्य विम्याची आणि सरकारी योजनांची घडण मुख्यतः दाखल होण्याभोवती आहे. अतिदक्षता विभागातल्या दिवसाला दर आहे, घरी येणाऱ्या नर्सच्या फेरीला क्वचितच. म्हणजे पैसा नाही असं नाही, तो फक्त यंत्राशेजारी मिळतो. मामांच्या शेवटच्या नऊ दिवसांत जेवढं गेलं, तेवढ्यात एका नर्सचा कित्येक महिन्यांचा पगार निघाला असता.

एक आक्षेप मला रात्री झोपू देत नाही, आणि तो मी टाळणार नाही. उपचार थांबवणं सोपं केलं तर म्हाताऱ्यांवर दबाव येईल. सातबाऱ्यावर नाव असलेली आजी, घरात जागा अडवणारा आजोबा, अपंग मुलगी, ज्यांचं जगणं घरच्यांना जड झालंय अशी माणसं. "मला आता पुरे झालं" हे वाक्य आपल्याकडे कितीदा सुनेच्या तोंडाकडे बघून म्हटलं जातं, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी माणसं या कायद्याकडे संशयाने बघतात ती यामुळेच, आणि त्यांचा संशय रास्त आहे. म्हणूनच दोन मंडळं राहावीत, या मताचा मी आहे. पण हा धोका आज नाही का? छापील कागदाला ना मंडळ लागतं, ना दुसऱ्या डॉक्टरचं मत, ना चौकशी. कुणालाही त्याच्या आजीला एका सहीत घरी नेता येतं, आणि का नेलं ते कुठेही नोंदलं जात नाही. पैसे संपले म्हणून नेलेला माणूस, आशा संपली म्हणून नेलेला माणूस आणि नकोसा झाला म्हणून नेलेला माणूस, तिघांची नोंद एकाच रकान्यात पडते.

त्या कागदावर कारण लिहिण्याची जागा असावी, हे मला पहिल्यांदा हवं आहे. ऐकायला फार क्षुल्लक वाटेल. पण जिल्ह्यातल्या अशा सगळ्या नोंदी एकत्र झाल्या, तर किती घरांनी पैशासाठी सही केली हे सरकारला निदान दिसेल, आणि दिसल्यावर नाकारता येणार नाही. त्या कागदाबरोबर घरी काय करायचं याचं मराठीत छापलेलं एक पान आणि जवळच्या नर्सचा फोन नंबर रुग्णाच्या हातात पडलाच पाहिजे. छोट्या दवाखान्यांसाठी मंडळ जिल्हा रुग्णालयात असावं, फोनवर, व्हिडिओवर. 48 तासांची मुदत पाळायची तर दुसरा मार्गच नाही. डॉक्टरने प्रामाणिकपणे प्रक्रिया पाळली असेल तर त्याला संरक्षण कायद्याच्या कलमात हवं, निकालाच्या परिच्छेदात नको. म्हणजे हे सगळं शेवटी विधिमंडळाला करावं लागणार. आरोग्य हा राज्याचा विषय आहे, दिल्लीकडे बोट दाखवायचं कारण नाही. आणि आशाताईंना, ज्या आजही म्हाताऱ्यांच्या घरी जातातच, त्यांना हे काम मानधनाविना चिकटवू नये. त्यांच्या डोक्यावर आधीच खूप आहे.

गेल्या महिन्यात आईचं इच्छापत्र केलं. ती एकोणऐंशी वर्षांची आहे, डोकं ठणठणीत. नोटरीने कागद हातात घेऊन विचारलं, "घर कुणाला देताय आजी?" मृत्युपत्र आणि हे पत्र यांतला फरक त्यांना आम्हीच समजावला. प्रत द्यायला स्थानिक कार्यालयात गेलो तर तिथल्या ताईंनी दोन टेबलं फिरवून शेवटी साध्या आवक-नोंदवहीत नंबर टाकून घेतला. ताईंचा स्वभाव मदतीचा होता. त्यांना कुणी काही कळवलंच नव्हतं.

मजकूर मी वाचून दाखवत होतो तेव्हा आईने एका ठिकाणी थांबवलं. व्हेंटिलेटर नको, छाती दाबणं नको, नाकात नळी नको, हे सगळं तिला मान्य होतं. ती म्हणाली, "हे सगळं ‘नको’ झालं. मला काय हवं ते कुठे लिहिलंस? लिही, घरी ठेवा, आणि दुखू देऊ नका." मी ते तिच्याच शब्दांत खाली लिहिलं. तिने चष्मा नीट केला, सही केली आणि विचारलं, "दुखलं तर इंजेक्शन द्यायला कोण येईल रे इथे?"

तालुक्यात तीन औषधांची दुकानं आणि दोन दवाखाने पालथे घातले. मॉर्फिन ठेवणारं सगळ्यात जवळचं ठिकाण आमच्यापासून बहात्तर किलोमीटरवर आहे, दुपारी चारला बंद होतं. त्यांचा नंबर मी आईच्या कागदाच्या पाठीवर लिहून ठेवला आहे.